संवादातील प्रश्नाधिकार

साहित्यकृतीतील संवादांविषयी लिहिताना मराठी समीक्षेने काही विशेषणे जवळजवळ कायमची ठरवून टाकलेली आहेत. संवाद ‘चटपटीत’ असतात, ‘खटकेबाज’ असतात, ‘पल्लेदार’ असतात किंवा ‘स्वाभाविक’ असतात. यांपैकी पहिली तीन विशेषणे उक्तीचा डौल व तिची लांबी सांगतात. चौथे तिचे व्यवहारातील बोलण्याशी असलेले साम्य सांगते. ही चारही विशेषणे सुट्या वाक्याला लावता येतात, आणि हीच त्यांची मर्यादा होय. संवाद हा दोन पक्षांमधील व्यवहार आहे. त्यात प्रश्न कोणी विचारावयाचा, उत्तर कोणी द्यावयाचे, मध्येच कोणी थांबवावयाचे आणि झालेल्या बोलण्याची नोंद अखेर कोणाच्या शब्दांत राहावयाची, या गोष्टी आधी ठरतात. वाक्याचा डौल त्यानंतर येतो. अधिकारांच्या या वाटणीला प्रस्तुत लेखात ‘प्रश्नाधिकार’ असे नाव दिले आहे. दैनंदिन बोलण्यात ही वाटणी सौजन्याच्या आवरणाखाली झाकलेली असते. साहित्यातील व चित्रपटातील संवादाचे कार्य बोलण्याची हुबेहूब नक्कल करणे एवढेच नसून ही झाकलेली वाटणी दृष्टीस आणून देणे हे आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. त्यासाठी हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी, विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक व चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट या तीन कृती विचारार्थ घेतल्या आहेत.

१

प्रारंभ व्यवहारातील बोलण्यापासून करणे सोयीचे. १९७४ मध्ये सॅक्स, शेग्लॉफ व जेफरसन या तीन अमेरिकन अभ्यासकांनी संभाषणातील ‘पाळी’ची व्यवस्था नियमबद्ध रीतीने मांडली. सामान्यतः एका वेळी एकच व्यक्ती बोलते. चालू वक्ता पुढच्या वक्त्याची निवड करतो, अथवा दुसरा कोणी आपण होऊन पाळी घेतो, आणि दोन्ही न घडल्यास पहिलाच पुढे बोलू लागतो, असा त्या मांडणीचा स्थूल आशय आहे. यांपैकी निवडीचे सर्वांत समर्थ साधन म्हणजे प्रश्न. प्रश्न विचारताच समोरच्या व्यक्तीवर उत्तराचे ऋण चढते. ती गप्प राहिली तरी ते मौन मोकळे राहत नाही. ते ‘उत्तर न देणे’ ठरते व त्याचा अर्थ लावला जातो.

मराठीची रचना या दृष्टीने लक्षणीय आहे. ‘येणार का?’, ‘येणार ना?’ आणि ‘येणार की नाही?’ या तीन प्रश्नांत क्रियापद एकच असून अखेरच्या शब्दाने उत्तरदात्याचे स्वातंत्र्य कमीअधिक होते. पहिल्यात होकार व नकार दोहोंना सारखी जागा आहे. दुसऱ्यात होकार गृहीत धरला असल्यामुळे नकार देणाऱ्यास कारण द्यावे लागते. तिसऱ्यात प्रश्नकर्त्याचा धीर संपत आल्याची सूचना आहे. व्याकरणग्रंथांत अशा शब्दांची नोंद अव्यये म्हणून होते. संभाषणात मात्र ती अधिकाराची मापे असतात.

लोकाचारालाही याची जाण आहे. घरातून निघालेल्या माणसास ‘कुठे?’ असे विचारू नये, हा संकेत अनेक मराठी घरांत आजही पाळला जातो. विचारावयाचेच झाले तर ‘लांब का?’ असे विचारतात. ‘कुठे’ या प्रश्नाला ठिकाणाचे नाव द्यावे लागते. ‘लांब का’ या प्रश्नाला ‘नाही, इथेच’ एवढ्यावर सुटता येते. संकेताचे कारण म्हणून अपशकुन पुढे केला जात असला, तरी त्याचे कार्य वेगळे आहे. जाणाऱ्याला उत्तर न देण्याची मुभा तो मिळवून देतो.

जुन्या मराठी कुटुंबातील पतिपत्नींचे बोलणे हे याच वाटणीचे टोकाचे उदाहरण होय. पत्नीने पतीचे नाव घ्यावयाचे नाही. नाव उच्चारावयाचे ते उखाण्यात, तेही इतरांनी आग्रह केल्यावर. एरवी तिला ‘इकडची स्वारी’ अथवा ‘इकडून येणे कधी झाले?’ अशा रचनांचा आश्रय घ्यावा लागे. या दुसऱ्या वाक्याचे विश्लेषण उद्‌बोधक आहे. त्यात कर्त्याचे नाव नाही, सर्वनामही नाही. व्यक्तीची केवळ दिशा झालेली आहे. ‘येणे’ ही क्रिया नामरूप घेते आणि ती कोणी केली नसून ‘झाली’ आहे. प्रश्न तर विचारला आहे, परंतु ज्याला विचारला त्याच्यावर उत्तराचे ऋण शक्य तितके कमी चढावे, अशी या वाक्याची घडण आहे. उलट दिशेने येणारा ‘कुठे होतीस?’ हा प्रश्न दोन शब्दांचा आहे, आणि त्याच्या क्रियापदात स्त्रीत्व व एकवचन दोन्ही स्पष्ट उमटलेली आहेत. एकाच घरातील दोन माणसांच्या प्रश्नांत केवढे अंतर असू शकते, हे या दोन वाक्यांवरून दिसते.

२

‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ या पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली व १८९३ मध्ये तिने ग्रंथरूप घेतले. यमू ही तिची नायिका व निवेदिका. एकत्र कुटुंबातील बोलण्याचे नियम, पतीसमवेत मुंबईत गेल्यावर लाभलेले मोकळे सहजीवन, त्याच्या निधनानंतर परत त्याच घरात येणे व बळजबरीने झालेले केशवपन, हा कथाभाग सुपरिचित आहे. या कादंबरीविषयी सामाजिक आशयाच्या अंगाने विपुल लेखन झाले आहे. तथापि ती संभाषणाचीही कादंबरी आहे. यमूच्या सुखाची व दुःखाची मर्यादा प्रत्येक टप्प्यावर तिला कोणाशी, कोणासमोर आणि किती बोलता येते यावरून ठरते. मुंबईतील बिऱ्हाडाचे सुख संपत्तीचे नाही. तेथे तिला प्रश्न विचारता येतात व तिच्या प्रश्नांना उत्तरे मिळतात, हे त्या सुखाचे स्वरूप आहे. वैधव्यासरशी तिचे सौभाग्य जाते, त्याबरोबरच तिचा एकमेव श्रोताही जातो.

येथे संस्कृत नाट्यशास्त्राच्या एका वर्गीकरणाचे स्मरण करणे उचित ठरेल. दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपका’त नाट्यगत उक्तींचे भेद त्या कोणी ऐकावयाच्या यावरून केलेले आहेत. सर्वांनी ऐकावयाची ती सर्वश्राव्य, कोणीच ऐकावयाची नाही ती अश्राव्य किंवा स्वगत, आणि ठराविक पात्रांनीच ऐकावयाची ती नियतश्राव्य. तिचेच जनान्तिक व अपवारित हे प्रकार. यांखेरीज आकाशभाषित हा एक विशेष प्रकार. त्यात रंगभूमीवर नसलेल्या व्यक्तीशी पात्र बोलते व तिचे न ऐकू येणारे उत्तर स्वतःच उच्चारून दाखवते. उक्तीचे वर्गीकरण आशयावरून न करता श्रवणाच्या अधिकारावरून करणारी ही दृष्टी आधुनिक संभाषण-अभ्यासाला फार जवळची आहे.

दिवाकरांच्या (१८८९–१९३१) नाट्यछटांचा विचार ब्राउनिंगच्या नाट्यात्म एकभाषितांशी जोडून केला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु समोरच्या व्यक्तीची पाळी पूर्णपणे गाळूनही तिचे बोलणे वाचकाच्या कानी घालण्याची त्यांची रीत आकाशभाषिताच्या कुळातलीही आहे. नाट्यछटेतील वक्त्याचे ढोंग उघडे पडते ते याच कारणाने. दुसऱ्या पक्षाला पाळी न देणारा मनुष्य त्याच्या बोलण्याचा विपर्यास कसा करतो, हे तेथे वाचकास दिसत राहते.

यमूच्या निवेदनाला हीच परिभाषा लावली, तर ते एक दीर्घ आकाशभाषित ठरते. फरक एवढाच, की तिला उत्तर कल्पून दाखवता येत नाही. कादंबरीचे शीर्षक हा प्रश्न आहे, आणि त्याचा कर्ता ‘कोण’ हाच आहे. प्रश्नाने पुढचा वक्ता निवडला जातो, हे वर सांगितले. येथे प्रश्न विचारला गेला आहे आणि पुढचा वक्ता निवडलेला नाही. घरात जो प्रश्न कोणाला विचारता आला नाही, तो छापील पृष्ठावरून अनोळखी वाचकास विचारणे, हा या कादंबरीचा मार्ग होय.

३

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ मध्ये अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले, लीला बेणारे हिची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपटही केला. तेंडुलकरांच्या संवादांची वाखाणणी त्यांतील अपुरी वाक्ये, विराम व पुनरुक्ती यांसाठी, म्हणजे पुन्हा ‘स्वाभाविकते’साठी, झाली आहे. ती अयथार्थ नाही. परंतु नाटकाची रचना ज्या गोष्टीवर उभी आहे, ती त्या स्तुतीत येत नाही.

पहिल्या अंकाच्या प्रारंभी सर्वांत अधिक बोलते ती बेणारे. ती सामंताला एकामागून एक गोष्टी सांगते, सहकाऱ्यांच्या नकला करते, गुणगुणते, थट्टा करते. पुढे वेळ घालवण्यासाठी अभिरूप न्यायालयाचा खेळ सुरू होतो व भ्रूणहत्येचा आरोप ठेवून तिलाच आरोपी केले जाते. या क्षणापासून पाळ्यांची वाटणी बदलते. १९७९ मध्ये ॲटकिन्सन व ड्रू यांनी न्यायालयीन संभाषणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार अशा संभाषणाचा विशेष असा, की त्यात पाळ्या आधीच वाटून दिलेल्या असतात. वकिलाच्या वाट्याला प्रश्न व साक्षीदाराच्या वाट्याला उत्तरे येतात. साक्षीदाराने प्रश्न केला तर तो औद्धत्य ठरतो. नाटकातील मंडळींपैकी कोणापाशीही खऱ्या व्यवहारात असा अधिकार नाही. सुखात्मे हा पक्षकार नसलेला वकील, पोंक्षे हा परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला, कर्णिक हा यश न लाभलेला नट. खेळाने त्यांना एकच वस्तू दिली, ती म्हणजे उत्तर मागण्याचा अधिकार. शपथेसाठी धर्मग्रंथाऐवजी ऑक्सफर्डचा इंग्रजी शब्दकोश पुढे केला जातो, यातील विनोद उघड आहे. परंतु प्रमाण म्हणून कोणताही जाड ग्रंथ चालतो, तसेच अधिकार म्हणून कोणतीही खुर्ची चालते, हे त्यातून सूचित होते.

याहून महत्त्वाची गोष्ट साक्षींच्या स्वरूपात आहे. बेणारेने पोंक्षेला व रोकडेला एकांतात जे सांगितले, मागितले, विनवले, ते बोलणे विश्वासाच्या नात्याचे होते. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत ते नियतश्राव्य होते. अभिरूप न्यायालय ते सर्वश्राव्य करते. सामंताची साक्ष तर त्याने वाचलेल्या कादंबरीतून उचललेली आहे, आणि तरीही तीच सत्याच्या जवळ जाऊन ठेपते. ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे तो प्राध्यापक दामले मात्र नाटकभर अनुपस्थित आहे. उत्तराचे ऋण त्याच्यावर चढूच शकत नाही. या न्यायालयाचा अन्याय केवळ निकालात नाही. कोणाला प्रश्न विचारता येतो आणि कोणाला येत नाही, या वाटणीतच तो झालेला आहे. निकाल हे त्याचे शेवटचे टोक होय.

बेणारे बोलणे थांबवते, तेव्हा तिचे मौन प्रतिकार म्हणून सुरू होते, परंतु कबुली म्हणून वाचले जाते. अखेर तिला निवेदनासाठी काही सेकंदांची मुदत मिळते. इतर पात्रे गोठतात आणि तिचे दीर्घ भाषण होते. मुदत संपते तेव्हा मंडळींच्या लेखी आरोपी गप्पच राहिलेली असते. या भाषणावर ते भावविवश व अतिनाट्यमय आहे, आधीच्या स्वाभाविक संवादाशी विसंगत आहे, असा आक्षेप घेता येतो. विसंगती खरीच आहे. परंतु ती नाटकाच्या आशयातून आलेली आहे. तिला जे बोलावयाचे आहे त्याला त्या खोलीतील कोणत्याही पाळीत जागा नाही. म्हणून ते पाळीबाहेर, काळाबाहेर, अश्राव्य उक्ती म्हणूनच येऊ शकते. हेच भाषण तिने भर न्यायालयात, सर्वांनी ऐकत असताना केले असते, तर संवाद अधिक ‘स्वाभाविक’ झाला असता आणि नाटक खोटे ठरले असते. कादंबरीचे शीर्षक श्रोता शोधणारा प्रश्न होता. या नाटकाचे शीर्षक ही आज्ञा आहे, आणि ती पाळी संपवणारी आहे.

४

तेंडुलकरांचे न्यायालय खेळातले होते. ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) मधील न्यायालय मुंबईतील प्रत्यक्ष सत्र न्यायालयाच्या धर्तीचे आहे. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला हा चित्रपट पुढे राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त ठरला. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप असा, की त्याच्या गाण्यामुळे वासुदेव पवार या गटारसफाई कामगारास आत्महत्येची चिथावणी मिळाली. म्हणजे येथे एका उक्तीचीच सुनावणी आहे: गायिलेला शब्द ऐकणाऱ्यावर काय करू शकतो, हा वादविषय.

चित्रपटातील न्यायालयात आवाज चढत नाहीत, टेबलावर मुठी आपटत नाहीत. स्थिर व दूरस्थ कॅमेऱ्यापुढे मराठी, हिंदी व इंग्रजी या तीन भाषांतून कामकाज संथपणे चालते. साक्षीदार बोलतो, आणि न्यायाधीश त्याच्या बोलण्याचा आशय आपल्या शब्दांत लघुलेखकाला सांगून टंकलिखित करवतो. ही दिग्दर्शकाची कल्पना नव्हे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत सत्र न्यायालयातील साक्ष साधारणतः निवेदनरूपाने उतरवावी, न्यायाधीशास योग्य वाटल्यास तिचा काही भाग प्रश्नोत्तररूपाने घ्यावा, अशी तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही तो प्रघात कायम ठेवला आहे. भाषाशास्त्रीय दृष्टीने या तरतुदीचा परिणाम दूरगामी आहे. निवेदनरूपात प्रश्न लोप पावतो. ‘तुमचा नवरा दारू पीत होता ना?’ या प्रश्नाला साक्षीदाराने ‘हो’ म्हटले, की नोंदीत ‘माझे पती मद्यप्राशन करीत असत’ असे पूर्ण वाक्य साक्षीदाराच्या तोंडी जाते. मूळ बोलण्यात तिचा शब्द एकच होता. वाक्य दुसऱ्याचे होते. ‘ना’ या अव्ययातील दडपण नोंदीत उरत नाही. संवादाचे स्वगत होते, आणि ते अशा व्यक्तीचे, जिने ते उच्चारलेले नाही.

वासुदेव पवारच्या विधवेची उलटतपासणी हा चित्रपटाचा गाभा म्हणावा लागेल. गटारात विषारी वायू आहे की नाही हे पाहण्यासाठी तो आत खडा टाकीत असे; झुरळे हलली तर आत श्वास घेता येईल असे समजत असे. या व अशा गोष्टी ती अत्यंत निर्विकार स्वरात सांगते. तिला विचारले तेवढेच ती सांगते. बचावपक्षाचा वकील तिच्या उत्तरांतून कांबळेच्या सुटकेसाठी उपयोगी तेवढे घेतो. तो सहृदय आहे, त्याची बाजू न्यायाची आहे. तथापि तोही तिला प्रश्नच विचारतो. पुढे मोटारीतून तिला सोडताना तो पैसे देऊ करतो, ते ती घेत नाही. काही काम असेल तर द्या, असे मात्र म्हणते. सबंध प्रकरणात ही एकच पाळी तिने स्वतः होऊन घेतलेली आहे. तिच्या या बोलण्यात दुःखाचा उच्चार नाही, आरोप नाही. उद्याच्या दिवसाची चौकशी आहे. न्यायालयात मिळालेल्या कोणत्याही उत्तरापेक्षा तिची अवस्था येथे अधिक कळते. प्रेक्षकाला कळते ती न्यायालयाच्या नोंदीत मात्र येत नाही, कारण ते उत्तर नव्हते.

सरकारी वकील स्त्रीच्या घरचे, तिच्या लोकलच्या प्रवासातले साधे बोलणेही चित्रपट सविस्तर दाखवतो. न्यायालयात जुन्या कायद्यांचे उतारे एकसुरी आवाजात वाचणारी ही स्त्री सोबतिणीशी घरगुती गोष्टी मोकळेपणाने बोलते, मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाक करते. तिला खलनायिका करणे सोपे होते. तसे न केल्यामुळे प्रश्न व्यक्तीच्या दुष्टपणाचा राहत नाही. तीच व्यक्ती पाळ्यांच्या एका व्यवस्थेतून दुसरीत जाते आणि तिच्या हातून होणारे कार्य बदलते, हे प्रेक्षकास पाहावे लागते.

५

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. निवडलेल्या तिन्ही कृतींत पीडित व पीडक यांची विभागणी आधीच स्पष्ट आहे, दोहोंत तर न्यायालयच आहे. तेव्हा प्रश्नाधिकाराची कल्पना तेथे लागू पडली यात नवल काय? आक्षेप अंशतः मान्य करावयास हवा. मित्रांच्या गप्पांत, प्रेमिकांच्या भांडणात, किंवा नातवाने आजीला विचारलेल्या अखंड ‘का?’मध्ये अधिकाराची वाटणी सतत बदलत असते. तेथे एकाच पक्षाच्या हाती प्रश्न असतो असे म्हणणे चूक ठरेल. किंबहुना वाटणी अशी बदलती असणे, हेच निरोगी संभाषणाचे लक्षण मानता येईल. न्यायालय हे उदाहरण म्हणून उपयोगी आहे, कारण घराघरांत जे धूसर असते ते तेथे कायद्याच्या अक्षरांत उतरलेले असते. यमूच्या घरात न्यायाधीश नव्हता, लघुलेखक नव्हता. तरीही कोणी विचारावयाचे व कोणी सांगावयाचे हे तेथेही तितकेच निश्चित होते.

यातून अभ्यासाची जी दिशा निघते ती साधी आहे. एखाद्या कृतीतील संवाद वाचताना वाक्ये कशी आहेत हे पाहण्याबरोबरच प्रश्न कोणाच्या वाट्याला किती आले, कोणत्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, कोणाचे मौन कोणी कसे वाचले, आणि झालेल्या बोलण्याचा सारांश अखेर कोणी सांगितला, हे मोजून पाहावे. ‘स्वाभाविक’ या विशेषणाचाही पुनर्विचार त्यामुळे होईल. व्यवहारातील ज्या संवादाला स्वाभाविक म्हटले जाते, त्यात एका पक्षाने न बोलणे हेही स्वाभाविकच मानले गेलेले असते. यमूच्या काळातील कोणाही गृहस्थास घरातील बोलणे अस्वाभाविक वाटले नसते. ते तसे आहे हे वाचकाच्या ध्यानी आले, ते त्या घरातील गप्प बसलेल्या मुलीच्या हाती निवेदन सोपवल्यामुळे.